तांदळा, आलाप आणि गायतोंड्यांचं चित्र

मुंबईत काळा घोड्याजवळच्या जहांगीर कलादालनात सुट्टीच्या दुपारी तासभर नुसतं उभं राहिलं, तर एक छोटंसं नाटक पुन्हापुन्हा पाहायला मिळतं. कुणीतरी एका मोठ्या कॅनव्हासपुढे थांबतं. त्यावर माणूस नाही, झाड नाही, घर नाही; रंगांचे पट्टे, डाग आणि ओरखडे आहेत. पाहणारा मान जरा तिरकी करतो आणि मदतीसाठी शेजारच्या पट्टीकडे वळतो. पट्टीवर लिहिलेलं असतं : ‘शीर्षकरहित. कॅनव्हासवर तैलरंग.’ मदत तिथेच संपते. मग सोबतच्या माणसाला दबक्या आवाजात प्रश्न जातो, “कशाचं आहे हे?” दोन पावलं पुढे गेल्यावर आवाज थोडा चढतो, “असलं तर आमचा बंड्यापण काढेल.”

ही दोन्ही वाक्यं हसण्यावारी न्यायची नाहीत. ‘कशाचं आहे?’ हा तर आपल्या डोळ्यांचा जन्मापासूनचा धंदाच आहे. अंधारात वाटेवर पडलेलं वेटोळं दोरी आहे की साप, हे चटकन ठरवता आलं म्हणून आपले पूर्वज वाचले. वेदान्त्यांनीही भ्रम समजावायला नेमका हाच दाखला उचलला. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर आपल्याला दाढीवाला म्हातारा दिसतो, ढगात हत्ती दिसतो, गाडीच्या दिव्यांत डोळे दिसतात. डोळा सतत ओळख शोधत असतो. अमूर्त चित्र त्याला ती ओळख देत नाही. डोळा रिकाम्या हाताने परत येतो आणि आपल्याला उगीच अपमान झाल्यासारखं वाटतं. मग आपण म्हणतो, मला त्यातलं काही कळत नाही.

माझं म्हणणं असं, की कळण्यासाठी लागणारं बरंचसं भांडवल आपल्याजवळ आधीच आहे. फक्त ते आपण दुसऱ्या खिशात ठेवलं आहे.

जिथे आपण ‘कशाचं?’ विचारत नाही

गावाच्या वेशीवर, शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला एखादा दगड असतो. नाक नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. अशा घडीव नसलेल्या पाषाणाला आपल्याकडे ‘तांदळा’ म्हणतात. येणारा-जाणारा त्यापुढे थांबतो, हात जोडतो. हा कोणासारखा दिसतो, असं विचारत नाही. दगडाचं वजन, जमिनीतून वर आलेला त्याचा गोलावा, वर्षानुवर्षं चढत गेलेल्या शेंदराचा जाड, चकचकीत केशरी रंग, एवढ्यावर त्याचं अस्तित्व पुरेसं जाणवतं.

गाण्यातही तेच. यमनाचा आलाप सुरू होतो तेव्हा त्याला शब्द नसतात. गायक नुसत्या आकारात तीव्र मध्यमाभोवती घुटमळतो, निषादावर थांबतो, षड्जावर यायचं टाळत राहतो आणि शेवटी येतो. आपण सुस्कारा टाकतो. हा आलाप कशाबद्दल होता, असं मध्यंतरात कुणी विचारत नाही. स्वरांची चढउतार, ताण आणि त्याची सुटका हाच त्याचा मजकूर असतो.

आणि गोधडी! आजीने जुनेर फाडून, ठिगळं जुळवून, धावदोऱ्याने भरलेली गोधडी आठवा. निळ्या धोतरपट्टीशेजारी लाल खणाचा तुकडा तिने का ठेवला? तो निळा फार झोपला होता म्हणून. सांगता येणार नाही, पण तिला ते दिसलं होतं.

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिल्या असतील तर संकल्पचित्राचा पेपर आठवत असेल. चौकोनात आकार बसवायचे आणि पोस्टर कलरने भरायचे. चित्रकलेचे सर मागून येऊन म्हणायचे, “तोल गेलाय बघ,” किंवा “हा पिवळा फार पुढे येतोय.” त्या कागदावर ओळखीची वस्तू असो-नसो, ‘तोल’, ‘पुढे येणं’, ‘मागे जाणं’ हे शब्द आपल्याला कळत होते. अमूर्त चित्र पाहायची परिभाषा आपण पंधराव्या वर्षीच शिकलो होतो. परीक्षा संपली आणि ती दप्तरात राहिली.

पण गाण्याची उपमा फार ताणायची नाही. गाणं आपल्या कानांवर पाळण्यापासून पडतं : भजन, नाट्यसंगीत, रेडिओ. त्यामुळे सम कुठे येणार हे कानाला आधीच ठाऊक असतं. डोळ्यांना मात्र आपण कॅलेंडरवरची देवदेवतांची चित्रं आणि दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य यापलीकडे फारसं काही दाखवलेलं नाही. तेव्हा डोळ्यांचा रियाज कमी पडला आहे, इतकंच.

खुद्द कांडिन्स्कीलाही कळलं नव्हतं

ज्यांना अमूर्त चित्रकलेचे आद्य पुरुष मानलं जातं, त्या वासिली कांडिन्स्की यांची गोष्ट इथे सांगायला हवी. ते मूळचे मॉस्कोचे, शिक्षण कायद्याचं. तिशीच्या आसपास मॉस्कोतल्या एका प्रदर्शनात ते क्लोद मोने यांच्या चित्रापुढे उभे राहिले. ही गवताची गंजी आहे, हे त्यांना माहितीपुस्तिका वाचून कळलं. चित्र पाहून कळलं नव्हतं. ते चांगलेच वैतागले. चित्रकाराने इतकं अस्पष्ट काढायचा काय अधिकार, असंही त्यांना वाटलं. पण ते चित्र डोक्यातून जाईना. पुढे कायद्याचं क्षेत्र सोडून ते म्युनिकला चित्रकला शिकायला गेले. म्हणजे या वाटेची सुरुवातही जहांगीरमधल्या त्या पाहुण्याच्याच प्रश्नाने झाली.

दुसरा प्रसंग म्युनिकचा. संध्याकाळी काम आटोपून ते स्टुडिओत शिरले, तर भिंतीला टेकून एक विलक्षण तेजस्वी चित्र उभं! त्यात नुसते आकार आणि रंग. जवळ जाऊन पाहिलं तर ते त्यांचंच चित्र होतं, आडवं ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी उजेडात त्यांनी ती जादू पुन्हा पकडायचा प्रयत्न केला. जमलं नाही, आडव्या चित्रातल्याही वस्तू आता ओळखू येत होत्या. आपल्या चित्रांना वस्तूच नडतात, हे त्यांच्या मनात त्या दिवशी पक्कं झालं. जानेवारी १९११मध्ये त्यांनी म्युनिकला आर्नोल्ड शोनबर्ग यांचं संगीत ऐकलं आणि लगेच त्या मैफलीवर चित्र रंगवलं. संगीताला वस्तूचा आधार लागत नाही, मग रंगाला का लागावा, हा प्रश्न त्यांना पुढे आयुष्यभर पुरला.

काळही तसाच होता. १८३९मध्ये छायाचित्रणाचं तंत्र जगापुढे आलं आणि हुबेहूब चेहरा टिपण्याचं काम हळूहळू कॅमेऱ्याने उचललं. चित्रकारांचा हात मोकळा झाला. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट या बाईंनी तर १९०६मध्येच वस्तूंशिवायची चित्रं करायला घेतली होती. मात्र आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षं ती दाखवू नयेत, अशी त्यांचीच इच्छा होती, म्हणून जगाला ती फार उशिरा कळली.

हे स्थित्यंतर एका बैठकीत पाहायचं असेल तर फोनवर पिएत मोंद्रियान यांची तीन झाडं शोधा. १९०८ ते १९१० दरम्यानचं लाल झाड : निळ्या संध्याकाळी पेटल्यासारखं, पण झाडच. १९११चं करडं झाड : फांद्यांच्या कमानी झाल्या आहेत, मधली हवाही फांद्यांइतकीच घट्ट आहे. १९१२चं फुललेलं सफरचंदाचं झाड : आता पानासारखे वक्र आकार आणि त्यांची लय, एवढंच. आणखी काही वर्षांनी याच माणसाने काळ्या रेषा आणि लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांची चित्रं केली. झाड एकाएकी गेलं नाही. चित्रकाराला झाडात जे हवं होतं ते त्याने ठेवलं आणि बाकीचं एकेक करून काढलं.

१९१५मध्ये पेट्रोग्राडच्या एका प्रदर्शनात काझिमिर मालेविच यांनी पांढऱ्यावर काळा चौकोन टांगला, तोही खोलीच्या कोपऱ्यात, छताला लागून. रशियन घरांत त्या कोपऱ्यात देवाचं चित्र लावतात. वेशीवरच्या तांदळ्यापुढे हात जोडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे धाडस फारसं परकं वाटू नये.

एका चित्रापुढे दहा मिनिटं

आता आपल्या माणसाकडे येऊ. वासुदेव संतू गायतोंडे. जन्म १९२४, नागपूर. कुटुंब मूळचं गोव्याचं, लहानपण गिरगावच्या चाळीत. १९४८मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका. सुरुवातीला लघुचित्रांच्या वळणाच्या आकृती काढत. पाउल क्ले यांची चित्रं त्यांना ओढत होती. हळूहळू आकृत्या गेल्या. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. त्याच वास्तूत रविशंकर यांचे संगीताचे वर्ग आणि नाट्यदिग्दर्शक अल्काझींची नाटकं चालत. १९६४मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९७१मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यानंतर दिल्लीत निजामुद्दीनच्या एका लहानशा जागेत एकट्याने राहिले. २००१मध्ये गेले. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे होत. उरलेला वेळ? तो चित्रातच जात होता, फक्त ब्रश हातात नसे.

झेन विचार, जे. कृष्णमूर्ती आणि खेतवाडीतल्या माळ्यावर मराठीत निरूपण करणारे निसर्गदत्त महाराज हे त्यांचे जिव्हाळ्याचे विषय. आपल्या चित्रांना ‘ॲबस्ट्रॅक्ट’ म्हटलेलं त्यांना आवडत नसे. त्यांचा शब्द ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’. भेद बारीक आहे. कशापासून तरी सार काढलं की ते ॲबस्ट्रॅक्ट, मोंद्रियानच्या झाडांसारखं. गायतोंडे म्हणत होते, माझ्या चित्रामागे वस्तू नाहीच, मग शोधता काय?

त्यांचं सत्तरच्या दशकातलं एखादं चित्र समोर आहे असं समजा. उभा, माणसाच्या उंचीच्या जवळ जाणारा कॅनव्हास. सगळा एकाच रंगात. समजा, मातकट पिवळा. पहिल्या मिनिटात दिसतं ते एवढंच : पिवळा रंग आणि त्यात विखुरलेल्या काही खुणा. डोळा सवयीने विचारतो, अक्षरं आहेत का? होड्या? शेवाळ? विचारू द्या. उत्तर मिळणार नाही आणि तो दमेल.

तिसऱ्या मिनिटाला पिवळा एक राहत नाही. खाली तो गडद, जवळजवळ तांबूस आहे. मध्ये कुठेतरी त्याच्या आतून उजेड आल्यासारखा वाटतो. खुणा पृष्ठभागावर चिकटलेल्या नाहीत. काही वर तरंगतात, काही अर्धवट बुडालेल्या आहेत. कुठलं पुढे आणि कुठलं मागे, हे ठरवता ठरवता खोली तयार होते, पाणी स्थिर झाल्यावर तळ दिसावा तशी.

आता जवळ जा, दोन हातांवर. इथे चित्र कसं झालं ते दिसू लागतं. गायतोंडे रोलरने रंग पसरत, पॅलेट नाइफने तो खरवडत, वर पुन्हा पातळ थर देत. कागदाचे तुकडे रंगावर दाबून उचलत, मग खालचा थर अनपेक्षित आकारात उघडा पडे किंवा वर ठसा उरे. म्हणजे ज्या खुणा आपल्याला ‘काढलेल्या’ वाटत होत्या, त्यातल्या काही प्रत्यक्षात रंग काढून घेतल्याच्या खुणा आहेत. अपघाताला आत येऊ दिलं आहे, पण कुठला अपघात ठेवायचा आणि कुठला पुसायचा, याचा निर्णय दर वेळी माणसाने घेतला आहे. २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं सिंहावलोकन भरवलं तेव्हा त्याच्या शीर्षकातही ‘प्रक्रिया’ आणि ‘जगणं’ हे दोन शब्द शेजारी ठेवले होते.

पुन्हा मागे या आणि पाहत राहा. दहाव्या मिनिटाला एखाद्याला शांत वाटेल, एखाद्याला अस्वस्थ, एखाद्याला कंटाळा येईल. तिन्ही चालतील. मात्र आता तुम्ही ज्याबद्दल बोलाल ते या चित्राबद्दल असेल, चित्रात नसलेल्या वस्तूबद्दल नसेल.

दहा मिनिटं फार वाटतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेली एक पाहणी २००१मध्ये प्रसिद्ध झाली. तीत नामवंत कलाकृतींपुढे लोक सरासरी २७ सेकंद थांबत असल्याचं आढळलं. निम्मे तर १७ सेकंदांच्या आत पुढे सरकत. १७ सेकंदांत यमनाचा निषादही नीट लागत नाही.

काय पाहायचं?

गायतोंड्यांच्या चित्रापुढे वापरलेली पद्धत इतरत्रही चालते. सगळ्यात आधी पट्टी वाचू नका. डोळा चित्रात कुठून शिरला आणि कुठे थांबला, एवढं ध्यानात ठेवा. चित्रकाराने ती वाट बहुधा मुद्दाम आखलेली असते. मग कडा पाहा. आकार कडेपाशी थांबतात की बाहेर निघून जातात? एखादा ठळक डाग तळहाताने डोळ्यापुढून झाका. चित्र कोसळलं तर तो डाग भार पेलत होता. काहीच फरक पडला नाही तर एकतर तो फालतू आहे किंवा तुम्ही अजून पुरतं पाहिलं नाही. पोत पाहा, आणि आकारमान अंगाने मोजा : चित्र तुमच्यापेक्षा मोठं आहे की तळहातावर मावेल एवढं? फोनच्या पडद्यावर या दोन गोष्टी मरतात. म्हणून अमूर्त चित्राशी पहिली ओळख तरी प्रत्यक्षातच व्हावी. मार्क रॉथको आपल्या अवाढव्य कॅनव्हासपुढे माणसाने अवघ्या दीड फुटावर उभं राहावं असं सुचवत. रंगाने नजर पूर्ण भरावी म्हणून.

प्रत्येक चित्रकाराला मात्र वेगळं विचारावं लागतं. नसरीन मोहम्मदी यांचंच पाहा. जन्म १९३७, कराचीचा. मुंबईत भुलाभाई इन्स्टिट्यूटच्या दिवसांत गायतोंड्यांशी स्नेह. पुढे बडोद्याच्या कलाविद्यालयात अध्यापन. त्यांच्या परिपक्व कामात रंगच नाही. कागद, पेन्सिल, शाई आणि पट्टीसारखी आरेखनाची साधनं. केसासारख्या रेषा, कधी एकमेकींना समांतर, कधी एका टोकाला आवळत जाणाऱ्या. गायतोंड्यांकडे डोळा बुडतो, इथे तो धावतो आणि मध्येच रेषा संपते तिथे अडखळतो. इथे तळहाताने डाग झाकण्यात अर्थ नाही. दोन रेषांमधलं अंतर कुठे बदलतं ते पाहायचं. आजाराने शेवटच्या वर्षांत त्यांचा शरीरावरचा ताबा सुटत गेला, तरी कागदावरची रेषा डळमळली नाही. १९९०मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्यांचं निधन झालं. हे चरित्र माहीत असलं की रेषा जास्त बोलते का? बोलते. पण आधी पाहा, मग वाचा. उलट केलं तर आपण रेषेऐवजी आजारच पाहत बसतो.

प्रभाकर बरवे यांच्या चित्रांत तर पान, घड्याळ, पक्षी अशा वस्तू ओळखू येतात, तरी ‘कशाचं आहे?’ला उत्तर मिळत नाही. त्या वस्तूंमधल्या रिकाम्या जागेतच सगळी घडामोड असते. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं मराठी पुस्तक चित्रकाराच्या टेबलाशी बसून विचार करायला शिकवतं. मूर्त आणि अमूर्त हे दोन वेगळे देश नाहीत, हे बरव्यांपुढे उभं राहिलं की पटतं.

बंड्याचं काय?

आता दुसरं वाक्य. बंड्या खरंच काढेल का? २०११मध्ये अमेरिकेत दोन मानसशास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली. नावाजलेल्या अमूर्त चित्रकाराचं एक चित्र आणि त्याच्या जोडीला त्यासारखंच दिसणारं लहान मुलाचं किंवा माकड-हत्तीसारख्या प्राण्याने केलेलं रंगकाम, अशा जोड्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. काही जोड्यांवर तर मुद्दाम उलटी नावं लावली. तरीही विद्यार्थ्यांनी चित्रकाराचं काम निवडण्याचं प्रमाण नुसत्या अंदाजापेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं. कलेचं शिक्षण न घेतलेल्यांचंही. कारण विचारल्यावर बोलणं येत होतं ते योजनेचं, हेतूचं. चुकाही भरपूर झाल्या. म्हणजे बंड्या अधूनमधून आपल्याला चकवेल, पण दर वेळी नाही.

मात्र बंड्याच्या बाबांचा संशय अगदीच बिनबुडाचा नाही. वाईट अमूर्त चित्रं असतात, ढिगाने असतात. हॉटेलच्या लॉबीत सोफ्याच्या रंगाला साजेसे म्हणून टांगलेले कॅनव्हास आपण पाहतोच. तिथे तिसऱ्या मिनिटालाही पहिल्या मिनिटाइतकंच दिसतं. काहीही झाका, कुठेही फिरवा, फरक पडत नाही. अशा चित्राला ‘मला भावलं नाही’ म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. किमतीचा पुरावाही मानू नका. २०१३मध्ये मुंबईतल्या लिलावात गायतोंड्यांच्या १९७९च्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले. त्याने चित्राचा भाव कळला. जहांगीरमधल्या पाहुण्याच्या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळालं नाही.

मग अर्थ कुणाचा?

‘ज्याला जे दिसेल तो अर्थ’ हे उत्तर ऐकायला उदार, पण आळशी आहे. यमन ऐकून एकाला संध्याकाळ आठवेल, दुसऱ्याला आई. तरी तीव्र मध्यमाऐवजी शुद्ध लागला तर दोघांनाही खटकेल. आठवण ज्याची त्याची, स्वर मात्र दोघांपुढे एकच. अमूर्त चित्रातही थर, अंतर, वजन, उजेड या गोष्टी सगळ्यांसमोर सारख्याच असतात आणि त्यांच्याबद्दल वाद घालता येतो, बोट दाखवून चूक काढता येते. तिथपर्यंत पोहोचल्यावर आपलं जे काही त्यात मिसळतं, त्याला अर्थ म्हणायला हरकत नाही.

जहांगीरमधल्या त्या पाहुण्याला पुढच्या वेळी ‘कशाचं आहे?’ विचारायचं असेल तर जरूर विचारावं. तो प्रश्न विचारूनच कांडिन्स्की घरी गेले होते. फक्त उत्तर आलं नाही म्हणून लगेच निघू नये. दालनाच्या मध्यभागी बाक असेल तर बसावं. आपली आजी गोधडीचा तुकडा हातात धरून, खाली अंथरलेल्या तुकड्यांकडे बघत, किती वेळ नुसती बसायची ते आठवावं. ती तेव्हा काय बघत होती, हे आपण तिला कधी विचारलं नाही. चित्रापुढे बसल्यावर त्याचा थोडाफार अंदाज येतो.